पुढच्यास ठेच लागली, ती मागच्याला दिसावी कशी?

विमान करायचं ठरवल्यावर विल्बर राइटने सर्वांत आधी एक पत्र लिहिलं. ३० मे १८९९ रोजी, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला. उड्डाणाविषयी तुम्ही छापलेलं जे असेल ते पाठवा, इतरांनी काय छापलं आहे त्याची यादी द्या. आजवर जे कळलेलं आहे ते सगळं मला वापरून घ्यायचं आहे, आणि जमलंच तर पुढे जो कोणी यशस्वी होईल त्याच्यासाठी खारीचा वाटा उचलायचा आहे, असा त्या पत्राचा आशय. यश आपल्यालाच मिळेल असं तो म्हणतही नाही.

पुस्तिका आल्या, दोघा भावांनी त्या वाचून काढल्या. जर्मनीतल्या ओटो लिलिएन्थालने पंखाला मिळणाऱ्या उचलीची, म्हणजे वाऱ्यात पंखाला वर ढकलणाऱ्या जोराची, कोष्टकं तयार केली होती. १८९६ साली ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, कोसळून तो गेला, पण त्याचे आकडे मागे उरले. त्या आकड्यांवर विसंबून राइट बंधूंनी ग्लायडर बांधले. १९०१ सालच्या ग्लायडरला हिशेबाने जेवढी उचल मिळायला हवी होती, तिच्या जेमतेम एक तृतीयांश मिळाली.

अशा वेळी माणूस सहसा दोन सोप्या वाटांपैकी एक धरतो. एवढ्या मोठ्या माणसाने लिहिलंय म्हणजे आपलंच काहीतरी बिनसलं असणार, ही एक. जुनं सगळं कुचकामी, आता आपल्या अकलेने चालू, ही दुसरी. राइट बंधूंनी दोन्ही सोडल्या. त्यांनी सुमारे सहा फूट लांबीची लाकडी पेटी केली, तिच्या एका तोंडाशी पंखा लावला, करवतीची पाती आणि सायकलच्या स्पोकची तार यांचा नाजूक तराजू आत बसवला, आणि दोनशेच्या आसपास छोटे पंख एकेक करून त्या वाऱ्यात तपासले. त्यातून दोन गोष्टी कळल्या. हवेच्या दाबाचा जो गुणांक अठराव्या शतकातल्या स्मीटन या इंग्रज अभियंत्याच्या नावावर पिढ्यानपिढ्या चालत आला होता, तो ०.००५ नसून ०.००३३ च्या जवळपास होता. दुसरं म्हणजे लिलिएन्थालची कोष्टकं बहुतांशी बरोबरच होती, पण त्याच्या पंखासाठी. राइट बंधूंच्या पंखाची लांबी-रुंदी आणि बाक वेगळा होता. आकडे खरे होते. ते कशासाठी खरे, हे आकड्यांच्या रांगेत दिसत नव्हतं.

मला जे म्हणायचं आहे ते जवळजवळ सगळं या प्रसंगात आलं. जुना अनुभव वापरावा की नवी पाटी घ्यावी, हा वाद मला फसवा वाटतो. कोरी पाटी कोणाकडेच नसते. ज्याला ती आपल्याकडे आहे असं वाटतं, तो बहुधा आपल्या नकळत कोणाचं तरी जुनं उत्तर गिरवत असतो. खरा प्रश्न आहे तो अनुभव कोणत्या रूपात साठवायचा हा. आपण उत्तरं साठवतो. साठवायला हवा तो पेच, त्या वेळच्या अटी, आणि काय काय करून पाहिलं नि ते का फसलं. पूल, धरणं, रॉकेटं, रुग्णालयातली यंत्रं या गोष्टी लोकांच्या पैशाने होतात आणि फसल्या तर लोकांच्या जिवावर बेततात. म्हणून ही साठवण अभियंत्याच्या हौसेवर सोडता येणार नाही. ती बंधनकारक असली पाहिजे आणि खुली असली पाहिजे.

शोध लावण्याचं काम आधीच्या शोधांवरून शिकवता येईल का, हा प्रश्न ज्याने सर्वांत हट्टाने विचारला तो गेन्रिख अल्टशूलर. दुसरं महायुद्ध संपल्यानंतर तो सोव्हिएत नौदलात, बाकूला, इतरांचे शोध तपासण्याच्या कामावर होता. अर्ज वाचता वाचता त्याच्या लक्षात आलं की माणसं वेगवेगळ्या धंद्यांत, एकमेकांना न विचारता, त्याच त्या युक्त्या पुन्हा शोधून काढतात. १९४८ साली त्याने आणि त्याचा मित्र राफाएल शापिरोने स्टालिनला पत्र लिहून देशातल्या शोधकार्याची दुरवस्था कळवली. उत्तर १९५० साली आलं, अटकेच्या रूपाने. पंचवीस वर्षांची शिक्षा आणि उत्तर रशियातली व्होर्कुताची श्रमछावणी. स्टालिन गेला आणि १९५४ मध्ये तो सुटला. १९५६ साली दोघांचा पहिला लेख छापून आला. पुढे या विचाराला ट्रिझ हे नाव पडलं; ‘शोधाचे पेच सोडवण्याचं शास्त्र’ अशा अर्थाच्या रशियन शब्दांची ती आद्याक्षरं.

ट्रिझचा गाभा साधा आहे. खरा अवघड पेच तोच, ज्यात एक गुण सुधारायला जावं तर दुसरा बिघडतो. पंख मजबूत करावा तर जड होतो, हलका करावा तर वाकतो. बहुतेक जण मधला सौदा करतात: थोडा मजबूत, थोडा जड. चांगला शोध सौदा करत नाही, तो अंतर्विरोधच मोडून काढतो. अल्टशूलरने हजारो पेटंटं चाळून अशा मोडण्याच्या ४० तऱ्हा वेगळ्या काढल्या आणि ३९ गुणधर्मांचं एक कोष्टक मांडलं: कोणता गुण सुधारायचा आहे ते आडव्या ओळीत बघा, कोणता बिघडतोय ते उभ्या रांगेत, दोन्ही जिथे मिळतात तिथे आधीच्या शोधकांनी वापरलेल्या तऱ्हांचे क्रमांक सापडतील. ट्रिझ शिकवणारे एक उदाहरण हमखास देतात. ढोबळी मिरची बंद भांड्यात ठेवून हवेचा दाब हळूहळू वाढवायचा आणि एकदम सोडायचा. देठ आणि बिया आपोआप उडून बाहेर पडतात. हीच युक्ती कवचाची फळं फोडायला चालते, गाळण्या साफ करायला चालते, आणि चीर असलेला हिरा त्याच चिरेतून फोडायलाही चालते. मिरचीवाल्याचा आणि हिरेवाल्याचा एकमेकांशी काय संबंध? युक्ती कळली तरच संबंध. एरवी प्रत्येकाने ती आपापल्या कष्टाने नव्याने शोधायची.

इथवर मी अल्टशूलरच्या बाजूने आहे. पण ट्रिझच्या भक्तांशी माझं पटत नाही. ‘तुकडे करा’, ‘उलटं करून बघा’, ‘आधीच तयारी करून ठेवा’ ही तत्त्वं इतकी उंचावरून सांगितलेली आहेत की खाली उतरताना हातात काही राहत नाही. ज्याला उत्तर सुचलंय त्याला ती नंतर पटतात. ज्याला सुचलेलं नाही तो यादी वाचून तिथेच बसतो. कोष्टकातले संदर्भही विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या यंत्रांचे. स्वतः अल्टशूलरने पुढे कोष्टक मागे टाकून दुसऱ्या पद्धतींवर भर दिला, हे त्याच्या चाहत्यांना आठवून द्यावं लागतं. आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे पेटंटं जिंकलेल्यांची वही असते. जी शंभर माणसं त्याच अंतर्विरोधावर डोकं आपटून परतली, त्यांचं त्यात नावही नसतं.

याच्या अगदी उलट बाजूने एक विचार संगणकशास्त्रातून आला. माणूस नियम आठवून विचार करत नाही, घडलेल्या गोष्टी आठवून करतो, असं रॉजर शँक आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी १९८० च्या दशकात मांडलं. डॉक्टर म्हणतो, ‘असाच एक रुग्ण मागे आला होता.’ वकील जुना निकाल काढतो. मग यंत्रालाही तसंच करू द्या: मिळतीजुळती जुनी घटना शोधा, तिचं उत्तर वापरा, नव्या अटींप्रमाणे दुरुस्त करा आणि झालेला अनुभव परत साठवा. आमोट आणि प्लाझा यांनी १९९४ साली हे चार टप्प्यांचं चक्र नीट मांडलं. ट्रिझमध्ये जे हरवतं ते इथे टिकतं. घटना आपल्या सगळ्या तपशिलांसह उरते, हवेत विरत नाही.

अडचण ‘मिळतीजुळती’ या एका अटीत आहे. मिळतीजुळती कशाच्या बाबतीत?

मानसशास्त्रातले मेरी गिक आणि कीथ होलिओक यांचे १९८० च्या सुमाराचे प्रयोग इथे नीट पाहण्यासारखे आहेत. लोकांना एक कोडं घातलं. पोटात गाठ आहे, शस्त्रक्रिया करता येत नाही. तीव्र किरणांनी गाठ जळेल, पण वाटेतलं निरोगी मांसही जळेल. सौम्य किरणांनी काहीच होणार नाही. काय कराल? उत्तर असं की सौम्य किरण अनेक दिशांनी सोडायचे, म्हणजे ते फक्त गाठीपाशी एकवटतील. हे आपणहून दहातल्या एखाद्यालाच सुचतं. मग काही जणांना कोड्याआधी एक गोष्ट वाचायला दिली. एका सेनापतीला किल्ला घ्यायचा आहे, सगळ्या वाटांवर सुरुंग आहेत, मोठं सैन्य एका वाटेने गेलं तर उडेल. म्हणून तो लहान लहान तुकड्या सगळ्या वाटांनी पाठवतो आणि किल्ल्यापाशी एकत्र आणतो. उत्तर जवळजवळ ताटात वाढून दिलं होतं. तरी ते सुचलं साधारण तिघांतल्या एकालाच. ‘आत्ता वाचलेली गोष्ट इथे उपयोगी पडेल’ एवढंच सांगितलं की मात्र चारातले तिघे सोडवायचे.

म्हणजे अनुभव डोक्यात होता, ताजा होता, आणि तरी हाताशी नव्हता. एक गोष्ट ‘युद्ध’ म्हणून ठेवली गेली, दुसरी ‘औषध’ म्हणून आली. कपाट एकच, पण कप्पे निराळे. आपले सगळे तांत्रिक दफ्तरखाने असेच रचलेले आहेत. पुलाचं पुलात, पंपाचं पंपात, विमानाचं विमानात. कप्प्यावर वस्तूचं नाव असतं. तिथे पेचाचं नाव हवं. ट्रिझने दिलेली सर्वांत मोलाची वस्तू मला चाळीस तत्त्वं वाटत नाहीत. अंतर्विरोध हा पत्ता वाटतो. आणि घटना जपणाऱ्यांनी दिलेली मोलाची वस्तू म्हणजे त्या पत्त्यावर ठेवायचा ऐवज. दोन्ही पंथ एकमेकांशिवाय अपुरे आहेत.

राइट बंधूंनी प्रोपेलरच्या वेळी हेच केलं. जहाजाच्या प्रोपेलरवरून काही सूत्र मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती; तिथे अंदाज आणि सवय यांपलीकडे फारसं काही नव्हतं. मग प्रोपेलर म्हणजे गोल फिरणारा पंखच, असं त्यांनी पाहिलं. तसं पाहिल्याबरोबर त्यांचे स्वतःचे पेटीतले आकडे कामाला आले. नावावरून पाहिलं तर जहाजाचा प्रोपेलर जवळचा होता आणि विमानाचा पंख लांबचा. कामावरून पाहिलं तर उलट.

आता कोरी पाटीवाल्यांचं म्हणणं. जुनं दाखवलं की डोकं बांधलं जातं, असं ते म्हणतात, आणि त्यांच्याकडे पुरावा आहे. १९९१ साली जॅन्सन आणि स्मिथ यांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना रचना करायला दिल्या. निम्म्यांना सोबत एक नमुना दाखवला, निम्म्यांना नाही. एक काम होतं न सांडणाऱ्या कॉफीच्या कपाचं. नमुन्यात नळी होती, आणि सूचनेत स्पष्ट लिहिलं होतं की नळी किंवा तोंडाला लावायची चोच चालणार नाही. तरी नमुना पाहिलेल्यांच्या आराखड्यांत नळ्या आणि चोची जास्त आल्या. नमुन्यातले दोषही पुढे चालत आले. धंद्यात मुरलेल्या अभियंत्यांवर प्रयोग केला तेव्हाही हीच गत.

हा पुरावा मला मान्य आहे, त्यावरचा निष्कर्ष नाही. त्या विद्यार्थ्यांना दिलं काय होतं? एक तयार चित्र. ते तसं का आहे, त्यात काय अडलं होतं, नळी कोणी आणि कशासाठी घातली, यातलं काहीच नाही. चित्रासोबत कारण आलं नाही तर चित्रच कारण होऊन बसतं. यावर जुना अनुभव लपवून ठेवण्यात अर्थ नाही, तो उत्तराच्या रूपात देऊ नका.

उत्तर दिलं आणि कारण गाळलं तर काय होतं याचा दाखला म्हणून एरियन ५ या युरोपीय रॉकेटचं पहिलं उड्डाण जितकं तपशिलात पाहावं तितकं थोडं. ४ जून १९९६. रॉकेट वर गेल्यावर सुमारे चाळीस सेकंदांत दिशा सोडून वळलं, मोडलं आणि स्वतःला उडवून मोकळं झालं. क्लस्टर नावाच्या मोहिमेचे चार उपग्रह त्यात गेले. दिशा आणि वेग सांगणाऱ्या यंत्रणेची संगणकप्रणाली एरियन ४ या आधीच्या रॉकेटवरून उचललेली होती. तिने एरियन ४ वर निर्धोक काम केलं होतं, म्हणून तर उचलली. आडव्या वेगाशी निगडित एक ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या जागेत बसवायची होती. एरियन ५ चा मार्ग वेगळा आणि आडवा वेग जास्त. संख्या मावली नाही. यंत्रणा बंद पडली. पर्यायी यंत्रणा? तीच प्रणाली, तीच संख्या. ती तर क्षणभर आधीच बंद पडली होती.

जी आकडेमोड कोसळली, तिचा एरियन ५ ला उड्डाणानंतर काही उपयोगच नव्हता. ती जमिनीवर असतानाची जुळणी होती, आणि एरियन ४ च्या एका जुन्या गरजेपोटी उड्डाणानंतरही चाळीसेक सेकंद चालू ठेवली जायची. गरज गेली, सवय राहिली. अशा सात संख्यांपैकी चारांना, त्या मावल्या नाहीत तरी यंत्रणा बंद पडू नये असं संरक्षण दिलेलं होतं, तिघांना नव्हतं. हा हलगर्जीपणा नव्हता. संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा म्हणून, आणि या तीन संख्या मोठ्या होऊच शकत नाहीत असा हिशेब करून, तो निर्णय विचारपूर्वक घेतला होता. एरियन ४ साठी तो हिशेब बरोबर होता. चौकशी मंडळाने नोंदवलं की या निर्णयाचं कारण प्रणालीच्या मजकुरात थेट कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि कागदपत्रांच्या ढिगात ते गृहीतक बाहेरच्या तपासणाऱ्याच्या नजरेआड राहिलं. मुद्दाम नव्हे, तरी राहिलं. एका ओळीची टीप हवी होती: ‘इथे संरक्षण नाही, कारण एरियन ४ चा आडवा वेग अमुक मर्यादेत राहतो.’ पुढच्या माणसाने ती वाचली असती, तर निदान प्रश्न तरी विचारला असता.

दुसरा प्रकार सरळ विसरण्याचा. अमेरिकेतला टॅकोमाचा झुलता पूल १ जुलै १९४० ला खुला झाला आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला वाऱ्याने पिळवटून पडला. मधला गाळा ८५३ मीटरचा, रस्ता जेमतेम १२ मीटर रुंद, कडेला भरीव पोलादी पट्ट्या. रचनाकार लिऑन मॉइसिफ हा त्या काळातला अव्वल माणूस. वाऱ्याचा आडवा दाब त्याने हिशेबात धरला होता. वाऱ्याने पूल लाटांसारखा हलू लागेल हे धरलं नव्हतं. आणि ही काही नवी गोष्ट नव्हती. ब्रायटनचा साखळ्यांवर टांगलेला समुद्रातला धक्का १८३६ साली, मेनाईचा पूल १८३९ साली, व्हीलिंगचा १८५४ साली, सगळे वाऱ्याने हलून मोडले होते. जॉन रोबलिंगने त्या पडझडीचा अभ्यास करून आपल्या पुलांना वजन, ताठपणा आणि तिरप्या तारा दिल्या. ब्रुकलिनच्या पुलावर त्या तारा आजही दिसतात. मधल्या काळात पूल पडले नाहीत. म्हणून तारा शोभेच्या वाटू लागल्या, ताठपणा उधळपट्टी वाटू लागला, आणि पूल दर पिढीला सडपातळ होत गेले. टॅकोमा पडल्यावर अभियांत्रिकीच्या नियतकालिकात जुन्या पडझडीचा इतिहास छापून आला. छापील माहिती तेव्हाही उपलब्ध होती, फक्त ‘इतिहास’ या सदरात होती. यशस्वी रचना आपल्यामागचं भय पुसून टाकते. रोबलिंगच्या तारा उरल्या, त्याची भीती उरली नाही.

कबूल करायला हवं की सगळंच लिहून ठेवता येत नाही. अमेरिकेच्या डब्ल्यू-७६ अण्वस्त्रात ‘फॉगबँक’ नावाचा एक गोपनीय पदार्थ असतो. कारखाना बंद झाला, माणसं निवृत्त झाली, आणि या शतकाच्या सुरुवातीला तो पुन्हा करायची वेळ आली तेव्हा नोंदीबरहुकूम करूनही जमेना. शेवटी कळलं की जुन्या कच्च्या मालात एक अशुद्धी असायची आणि तीच आवश्यक होती. नव्या पद्धतीत माल जास्त स्वच्छ झाला आणि काम बिघडलं. जुन्या कामगारांनाही ही अशुद्धी गरजेची आहे हे ठाऊक नव्हतं. जे ठाऊकच नाही ते कोण कशाला लिहील? अपोलोच्या चांद्रमोहिमांच्या एफ-१ इंजिनांची गोष्टही याच जातीची. नकाशे गहाळ झाले ही अफवा आहे, नकाशे आहेत. पण जोडाऱ्यांनी हाताने केलेल्या बारीकसारीक जुळवण्या त्यांत नाहीत. म्हणून २०१३ च्या सुमारास नासाच्या तरुण अभियंत्यांनी उरलेलं एक इंजिन सुटं करून त्याचे भाग मोजले. लेखी नोंद ही माणसांची जागा घेत नाही. ज्यांनी केलं त्यांच्यासोबत पुढच्यांनी काही काळ काम करणं याला पर्याय नाही, आणि तीस वर्षांत एकदाच लागणाऱ्या कसबाची साखळी तोडू नये, हा धोरणाचाच भाग आहे.

पण ‘सगळं लिहिता येत नाही’ हे कारण पुढे करून जे लिहिता येतं तेही न लिहिण्याची सोय अनेकांना हवी असते.

विमानवाहतुकीने ही सोय स्वतःला दिली नाही. १९५४ साली कॉमेट जातीची ब्रिटिश जेट प्रवासी विमानं हवेतच फुटली. समुद्रातून अवशेष काढले, इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान-संशोधन केंद्रात एक अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून दाब देऊन-सोडून उड्डाणांची नक्कल केली. सुमारे तीन हजार उड्डाणांइतका ताण झाल्यावर धड फाटलं. धातूचा थकवा. हे निष्कर्ष जाहीर झाले आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांनीही त्यावरून आपली विमानं सुधारली. आज आंतरराष्ट्रीय नियमच सांगतो की अपघाताच्या तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा, दोष कोणाच्या माथी मारणं हा नव्हे. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिकांच्या चुकांचे नि थोडक्यात टळलेल्या अपघातांचे अहवाल नासा गोळा करते. नियामक यंत्रणा ते स्वतः घेत नाही, कारण ज्याच्या हातात छडी आहे त्याला कोणी खरं सांगत नाही. नाव-गाव काढून ते अहवाल सर्वांसाठी खुले होतात.

याच नासाची दुसरी बाजूही सांगायला हवी. मोहिमांमधून शिकलेले धडे साठवायला तिने संगणकीय भांडार उभारलं. २०१२ साली तिच्याच महानिरीक्षकांनी तपासणी केली तेव्हा आढळलं की प्रकल्पांचे प्रमुख त्यात फारसं बघतही नाहीत आणि फारसं भरतही नाहीत. भांडार म्हणजे स्मरण नव्हे. कामाच्या वाटेत जी नोंद आडवी येत नाही, ती कोणी वळून बघायला जात नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं हा प्रश्न सोडवतील असं आता ऐकू येतं. अर्धं खरं आहे. किल्ला आणि गाठ यांतलं साम्य ओळखण्यात ही साधनं आपल्यापेक्षा तरबेज निघू शकतात, कारण त्यांना कप्प्यांची सवय नाही. पण जे कधी लिहिलंच गेलं नाही ते त्यांना कुठून मिळणार? छापलेल्या यशांवर वाढलेलं साधन यशच पुढे करणार, तेही आत्मविश्वासाने. एरियनची ती न लिहिलेली टीप कोणत्याही साधनाला वाचता आली नसती.

गुपिताचा आक्षेप येईल. कंपन्या म्हणतील, आमचे अपयशाचे प्रयोग ही आमची मालमत्ता आहे. खासगी पैशाने खासगी वस्तू केली तर असेल. पण पेटंट हाही समाजाशी केलेला सौदाच आहे: वीस वर्षांची मक्तेदारी घ्या, त्या बदल्यात शोध उघड करा. त्या सौद्यात वकिली भाषेत लिहिलेली जुजबी माहिती देऊन लोकांची बोळवण होते. आणि जिथे पैसा लोकांचा आहे, तिथे गुपिताचा हक्क कंत्राटदाराला कोणी दिला? संरक्षणाची कामं वेगळी ठेवा. पादचारी पुलाच्या पायात काय गुपित असतं?

कोर्टाचा आक्षेप त्याहून वजनदार आहे. ‘आम्ही हे करून पाहिलं आणि फसलं’ असं लिहिणारा अभियंता उद्या तोच कागद आपल्याविरुद्ध पुराव्यात पाहील. ही भीती खरी आहे आणि उपदेशाने जाणार नाही. विमानवाहतुकीसारखं कायद्याचं संरक्षण लागेल: रचनेच्या नोंदीत प्रामाणिकपणे लिहिलेलं अपयश हा निष्काळजीपणाचा पुरावा धरला जाणार नाही, दडवलेलं अपयश धरलं जाईल. हे एक कलम नसेल तर बाकीचं सगळं कागदावर राहील.

नोंद मोठी नको. जाड अहवालांनी एरियनला वाचवलं नाही, उलट त्यांच्याच ढिगात ते गृहीतक बुडालं. चार गोष्टी पुरेत: पेच काय होता, म्हणजे काय सुधारताना काय बिघडत होतं; कोणते पर्याय सोडले आणि का; निवडलेला पर्याय कोणत्या अटींत खरा आहे; आणि त्या अटी बदलल्या तर पहिल्यांदा काय तुटेल. चौथी गोष्ट लिहिणं सर्वांत अवघड, आणि तीच सर्वांत कामाची. पुढच्या कामाचा आराखडा मंजुरीला येईल तेव्हा त्याच पेचाच्या जुन्या नोंदी काढून, आपल्या अटी कुठे निराळ्या आहेत ते लिहून दिल्याशिवाय मंजुरी मिळू नये. म्हणजे मग वाचणंही कोणाच्या इच्छेवर राहत नाही.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि प्रत्यक्षात सगळं अडतं ते इथेच. काम संपत आलं की माणसं पुढच्या कामावर हलवली जातात, उरलेल्यांच्या डोक्यावर मुदत असते, आणि नोंद ‘सवडीने’ लिहायचं ठरतं. सवड कधी येत नाही. म्हणून या कामाचे तास निविदेतच वेगळी बाब म्हणून धरले पाहिजेत, त्यांचे पैसे वेगळे दिले पाहिजेत, आणि नोंद जमा होऊन दुसऱ्या एखाद्या चमूच्या अभियंत्याने ती वाचून ‘मला यावरून निर्णयाचं कारण कळलं’ अशी सही करेपर्यंत कंत्राटाचं शेवटचं बिल निघता कामा नये.